शिरेतून कॅल्शियम देताना: कोकणातल्या तातडीच्या कक्षात नव्याने रुजू झालेल्यांसाठी

गौरी-गणपतीच्या दिवसांत आमच्याकडे मुंबईहून आलेला डायलिसिसचा एखादा तरी रुग्ण तातडीच्या कक्षात येतोच. आठवड्याला दोन-तीन डायलिसिस चालू असतात, गावाला निघायच्या गडबडीत एक पाळी चुकते, आणि घरी आल्यावर कोणीतरी मायेने शहाळं फोडून हातात देतं. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, हे देणाऱ्याला ठाऊक नसतं. तिसऱ्या दिवशी ‘पायांत जीवच नाय’ म्हणून माणसाला खुर्चीत बसवून आणतात, आणि इसीजीच्या कागदावर टी लाटा सुळक्यांसारख्या उभ्या असतात. अशा वेळी पहिलं औषध म्हणजे कॅल्शियम ग्लुकोनेट. दोन-तीन मिनिटांत ताल सावरताना मॉनिटरवर दिसतो. हेच औषध चुकीच्या शिरेतून, चुकीच्या वेगाने किंवा चुकीच्या औषधाच्या पाठोपाठ गेलं, तर हात जातो, कधी माणूसही जातो.

ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नुकतेच रुजू झालेले बंधपत्रित डॉक्टर, नव्या सिस्टर आणि ब्रदर यांच्यासाठी हे लिहिते आहे. सगळी मापं प्रौढ रुग्णांची आहेत, लहान मुलांची वेगळी असतात. वरिष्ठांना फोन लावायचा असेल तर तो लावाच, पण तो लागेपर्यंत हात कुठे असावेत हे माहीत असलं पाहिजे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. पोटॅशियम वाढलेलं असताना कॅल्शियम ते पोटॅशियम उतरवत नाही. हृदयाच्या स्नायूला पोटॅशियमच्या माऱ्यापासून थोडा वेळ सांभाळतं, एवढंच. ही सवड साधारण अर्धा ते एक तास टिकते. आपल्याकडून कोल्हापूरला किंवा गोव्याला पोहोचायला त्याहून जास्त वेळ लागतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका हिशेबातून आल्या आहेत.

पहिली पायरी: खरंच लागतंय का?

इसीजी काढल्याशिवाय अँप्युल फोडू नका, आणि प्रयोगशाळेच्या आकड्याची वाट बघत इसीजीकडे दुर्लक्षही करू नका. उंच टोकदार टी, चपटी होत गेलेली किंवा नाहीशी झालेली पी, लांबलेलं पीआर, रुंद झालेला क्यूआरएस, मंदावलेली नाडी. मूत्रपिंडाच्या रुग्णात यातलं काही दिसलं तर रिपोर्ट यायच्या आधी कॅल्शियम द्यावं. इसीजी साफ असला तरी पोटॅशियम नॉर्मल आहे असं धरता येत नाही. पोटॅशियम ६.५ मिलीमोल प्रति लिटरच्या वर गेलेल्या रुग्णाला बरेच जण इसीजी बरा असतानाही कॅल्शियम देतात, आणि मला ते पटतं.

आकडा मात्र तपासून घ्या. दंडाला पट्टा आवळून, मूठ दहादा उघडझाप करायला लावून काढलेलं रक्त, किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून डब्यात हिंदकळत आलेला नमुना, यांत पेशींमधलं पोटॅशियम बाहेर येतं आणि रिपोर्ट खोटा वाढतो. माणूस ठणठणीत, इसीजी साफ आणि आकडा सात, असं असेल तर दुसरा नमुना घ्या.

भातलावणीच्या दिवसांतला लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा, रुग्ण इथे फसवतो. मूत्रपिंडाला मार बसला म्हणजे पोटॅशियम वाढलेलंच असणार असं वाटतं, पण लेप्टोमध्ये लघवी होत राहते आणि पोटॅशियम बऱ्याचदा कमी असतं. अशा रुग्णाला अंदाजाने वाढलेल्या पोटॅशियमचे उपचार दिले, त्यात इन्सुलिनही आलं, तर पोटॅशियम आणखी खाली जाईल. घोणस चावून मूत्रपिंड बंद पडलेल्या माणसाचं चित्र याच्या उलट असतं. म्हणून दोघांचाही इसीजी आणि रिपोर्ट पाहूनच ठरवा.

दुसरी पायरी: अँप्युल मोठ्याने वाचा

‘कॅल्शियम द्या’ ही ऑर्डर नव्हे. दोन कॅल्शियम असतात. ग्लुकोनेटच्या १० टक्के द्रावणाच्या १० मिलीमध्ये १ ग्रॅम ग्लुकोनेट असतं, आणि त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ९३ मिलीग्रॅम. क्लोराइडच्या तेवढ्याच १० मिलीमध्ये ते सुमारे २७० मिलीग्रॅम, म्हणजे जवळपास तिप्पट. तेव्हा क्लोराइडची एक अँप्युल म्हणजे ग्लुकोनेटच्या तीन. काही अँप्युलमध्ये ग्लुकोनेटसोबत लॅक्टोबायोनेट असतं, तिथे लेबलवरचा प्रत्यक्ष कॅल्शियमचा आकडा बघावा लागतो. ऑर्डर अशी बोला आणि अशीच लिहा: ‘कॅल्शियम ग्लुकोनेट, १० टक्के, १० मिली, शिरेतून, ५ मिनिटांत.’ ऐकणाऱ्या सिस्टरने ती तशीच परत म्हणावी. तिने परत विचारलं तर ती तुमचं काम करते आहे, तिच्यावर चिडू नका.

यापेक्षाही मोठी भीती आहे ती शेजारच्या खणातल्या पोटॅशियम क्लोराइडची. तीही १० मिलीची काचेची अँप्युल, पाणीदार आणि रंगहीन. रात्री दोन वाजता, नातेवाईक दारात रडत असताना, ‘क्लोराइड’ एवढाच शब्द वाचून हात पुढे गेला तर पोटॅशियम वाढलेल्या माणसालाच पोटॅशियम दिलं जाईल. रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी इमर्जन्सी ट्रे उघडा. पोटॅशियम तिथे असेल तर वेगळ्या कपाटात हलवायला सांगा. आमच्याकडे त्याच्या डब्याला लाल चिकटपट्टी आहे आणि तो खालच्या कप्प्यात कुलपात असतो.

फोडण्याआधी अँप्युल उजेडाकडे धरून बघा. ग्लुकोनेटचे खडे तळाशी बसलेले दिसले तर ती बाजूला ठेवा.

तिसरी पायरी: शीर

ग्लुकोनेट आणि क्लोराइड यांत निवड असेल तर हातापायाच्या शिरेतून ग्लुकोनेटच द्या. क्लोराइड मांसात गेलं तर कातडी जाळतं. ते सेंट्रल लाइनसाठी किंवा हृदय थांबलेल्या रुग्णासाठी राखून ठेवा. पण ग्लुकोनेटही निरुपद्रवी नाही. हे मी एका आजींकडून शिकले.

नोकरीचं माझं पहिलं वर्ष, दुसऱ्या एका रुग्णालयात. आजींना आधीच्या दवाखान्यातून हाताच्या पाठीवर बारीक निळी व्हेनफ्लॉन (शिरेत ठेवायची नळी) लावून पाठवलेली. इसीजी वाईट होता. मी घाईत त्याच सुईतून कॅल्शियम सुरू केलं. आजी म्हणाल्या, ‘डॉक्टरांनू, हात जळता माझो.’ मी म्हटलं, ‘या औषधाने थोडं गरम वाटतं आजी, होईल बरं.’ मला वाटलं मी धीर देते आहे. व्हेनफ्लॉन शिरेतून केव्हाच सरकली होती. त्या रात्री हाताची पाठ फुगली, दोन दिवसांनी कातडी पांढरट आणि टणक झाली, मग मधोमध काळी पडली. आजी वाचल्या, पण त्या हाताची मूठ त्यांना पुन्हा नीट वळता आली नाही. पुढच्या वेळी भेटल्या तेव्हा मला त्यांनी आंबोशी आणून दिली. ती घेताना त्यांच्या हाताकडे बघवेना.

तेव्हापासून नियम असा. कोपराच्या खाचेतली किंवा पुढच्या हातावरची मोठी शीर, हिरवी किंवा निदान गुलाबी व्हेनफ्लॉन, शक्यतो आपण स्वतः आता लावलेली. आधी १० मिली साधं सलाईन ढकलायचं आणि सुईच्या टोकापाशी बोट ठेवून बघायचं: फुगवटा येतो का, गार लागतं का, दुखतं का. मगच कॅल्शियम. डायलिसिसच्या रुग्णाच्या ज्या हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी जोडून घेतलेली शीर) आहे, त्या हाताला सुई लावू नका, त्यावर रक्तदाबही घेऊ नका. स्नायूत किंवा कातडीखाली कॅल्शियम द्यायचं नाही.

रुग्णाची तक्रार नीट ऐका. अंगभर ऊब, घशात गरम, तोंडात खडूसारखी चव: औषध वेगाने जातंय, हात आवरा. सुईच्या जागीच जळजळ: शीर सुटली आहे, ताबडतोब थांबा. थांबल्यावर व्हेनफ्लॉन लगेच उपसू नका. तिच्यातूनच जेवढं परत ओढता येईल तेवढं सिरिंजने ओढा, मग काढा. सलाईन ढकलून ‘धुऊन’ काढायला जाऊ नका, चोळू नका. हात उंच ठेवा, सुजलेल्या भागाची कड पेनाने आखून वेळ लिहा, वरिष्ठांना आणि सर्जनना कळवा. हायलुरोनिडेज मिळत असेल तर ते देण्याबद्दल त्यांना तेव्हाच विचारा, सकाळची वाट बघू नका.

चौथी पायरी: नळीत आधी काय गेलंय?

नवीन मुलांना मी एक गोष्ट करून दाखवते. स्टीलच्या किडनी ट्रेमध्ये सोडा बायकार्बचे दोन थेंब टाकते आणि वर कॅल्शियमचे दोन थेंब. पाणी गढूळतं, मग पांढरा साका धरतो. तो कॅल्शियम कार्बोनेट. किनाऱ्यावरचे शिंपले ज्याचे असतात, ज्यांच्यापासून पूर्वी आपल्याकडे चुना भाजायचे, तोच पदार्थ. हा साका नळीत, आणि नळीतून फुप्फुसात गेलेला कोणाला हवा असेल? पोटॅशियम वाढलेल्या रुग्णाला सोडा बायकार्ब आणि कॅल्शियम दोन्ही लागू शकतात, म्हणून ही चूक होण्याची शक्यता इथेच सगळ्यात जास्त. शक्य असेल तर दोन वेगळ्या शिरा. नसेल तर मध्ये नळी २० मिली सलाईनने स्वच्छ धुवा.

दुसरं नाव सेफ्ट्रियाक्झोन. लेप्टोच्या संशयात आपण ते रोज देतो, म्हणून कोकणात ही जोडी वारंवार समोर येते. दोन्ही एकत्र मिसळलं तर खडे धरतात. प्रौढ रुग्णाला एकाच वेळी एकाच नळीतून देऊ नका. मध्ये नळी धुऊन एकामागून एक देता येतं. रिंगर लॅक्टेटमध्येही कॅल्शियम असतं, तेव्हा सेफ्ट्रियाक्झोन त्यात घालायचं नाही. फॉस्फेट असलेली औषधंही वेगळी. रक्ताची पिशवी चालू असलेल्या नळीत कॅल्शियम सोडू नका, पिशवीतलं रक्त गोठेल.

पाचवी पायरी: वेग

मॉनिटर लावा, शेजारी उभे राहा, घड्याळ समोर ठेवा. २० मिलीच्या सिरिंजमध्ये ग्लुकोनेटची एक अँप्युल आणि तेवढंच सलाईन किंवा ५ टक्के डेक्स्ट्रोज घ्या. हे ५ मिनिटांत, म्हणजे मिनिटाला ४ मिली. यात मिनिटाला २०० मिलीग्रॅमची मर्यादा पाळली जाते. नाडी मंदावली, रक्तदाब पडला, रुग्णाला घेरी आली तर थांबा.

मग इसीजी परत काढा. रुंद क्यूआरएस अजून तसाच असेल तर दुसरी अँप्युल, आणि लागली तर तिसरी. मला दिसणारी नेहमीची चूक म्हणजे एक अँप्युल देऊन ‘कॅल्शियम दिलं’ असं लिहून मोकळं होणं. ग्लुकोनेटच्या तीन अँप्युल म्हणजे क्लोराइडची एक, हे आठवा. इसीजी बिघडलेला असताना ब्रिटनमधल्या मूत्रपिंडतज्ज्ञांची शिफारसच ३० मिली ग्लुकोनेटची आहे. सुधारणा दिसून पुन्हा बिघडलं तरी पुन्हा द्यायचं.

डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असलेल्या रुग्णाला कॅल्शियम दिलं तर हृदय दगडासारखं आवळतं, असं आम्हाला शिकवलं होतं. पुढच्या अभ्यासांत ती भीती त्या प्रमाणात खरी ठरली नाही. तरीही अशा रुग्णाला ते १०० मिलीमध्ये मिसळून अर्ध्या तासात, मॉनिटरखाली दिलेलं बरं. पिवळ्या कण्हेरीच्या म्हणजे बिट्टीच्या बिया खाल्लेला रुग्ण मात्र वेगळा समजा. त्या विषाची जात डिगॉक्सिनचीच, आणि पोटॅशियम वाढणं ही त्या विषाचीच खूण. तिथे आकडा बघून आपल्या मनाने कॅल्शियम सोडू नका, फोन लावा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषमाहिती केंद्र चोवीस तास सल्ला देतं.

सहावी पायरी: घाटाआधीची तयारी

कॅल्शियम जाऊ लागलं की तुमची सवड सुरू झाली. १०८ ला फोन त्याच क्षणी जायला हवा. आंबा, कुंभार्ली, करूळ, फोंडा, आंबोली, कुठलाही घाट घ्या: पावसात दरड आली तर रुग्णवाहिका मध्येच अडकते आणि कॅल्शियमचा परिणाम संपलेला असतो. म्हणून पोटॅशियम खाली आणणारं औषध गाडी सुटायच्या आधी शरीरात गेलेलं असलं पाहिजे. १० युनिट साधं इन्सुलिन आणि २५ ग्रॅम ग्लुकोज शिरेतून, म्हणजे २५ टक्के डेक्स्ट्रोजचे १०० मिली. सोबत सॅल्ब्युटामॉलची वाफ १० ते २० मिलीग्रॅम, म्हणजे अडीच मिलीग्रॅमच्या चार ते आठ रेस्प्यूल. हृदयविकार असेल तर दहाच मिलीग्रॅम. दम्याच्या रुग्णाला देतो त्या एका रेस्प्यूलने इथे काही होत नाही.

इन्सुलिननंतर साखर उतरते, आणि मूत्रपिंड बंद असलेल्या माणसात ती उशिरापर्यंत उतरत राहते. दर तासाला, निदान सहा तास, बोटातून साखर बघायची. गाडीतल्या डॉक्टरांना हे तोंडी सांगा आणि लिहूनही द्या. सोबत ग्लुकोनेटच्या तीन अँप्युल, डेक्स्ट्रोज आणि एक रिकामी मोठी सिरिंज पाठवा.

इतर वेळी

झटक्यांच्या बाळंतिणीला मॅग्नेशियम सल्फेट चालू असेल तर तिच्या खाटेच्या उशाशी ग्लुकोनेटची एक अँप्युल आणि सिरिंज चिकटवून ठेवा. गुडघ्याचा झटका (हातोडी मारल्यावर पाय उडणं) येईनासा झाला, श्वास मिनिटाला सोळाच्या खाली गेला, की मॅग्नेशियम बंद आणि १० मिली ग्लुकोनेट १० मिनिटांत. श्वासाला आधार द्यायची तयारी शेजारीच हवी.

‘हात वळले’ म्हणून येणाऱ्या तरुण मुलींना आणि मुलग्यांना सरसकट कॅल्शियम टोचण्याची सवय आपल्या भागात खोल रुजली आहे. ती मोडायला हवी असं मला मनापासून वाटतं. भांडण, परीक्षा, घरातला मृत्यू, आणि मग घाबरून भरभर श्वास. त्याने रक्त अल्कधर्मी होतं आणि बोटं आखडतात. शरीरातलं कॅल्शियम कमी झालेलं नसतं. इसीजी आणि ऑक्सिजन बघून दुसरं कारण नाही ना एवढी खात्री करा, मग शेजारी बसा, हळू श्वास सोडायला लावा. ‘बाळा, माझ्याबरोबर श्वास सोड’ एवढ्याने पंधरा मिनिटांत हात सुटतात. तोंडावर कागदी पिशवी धरू नका.

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर काही दिवसांनी हात आखडलेला, ओठांभोवती मुंग्या आलेला, क्यूटी लांबलेला रुग्ण मात्र खरा. १० ते २० मिली ग्लुकोनेट ५० ते १०० मिली डेक्स्ट्रोजमध्ये, १० ते २० मिनिटांत, आणि नंतर सावकाश चालणारं सलाईन: एक लिटरमध्ये १०० मिली ग्लुकोनेट, तासाला ५० ते १०० मिली. मॅग्नेशियम कमी असेल तर ते भरल्याशिवाय कॅल्शियम टिकत नाही. अल्ब्युमिन कमी असेल तर एकूण कॅल्शियमचा आकडा खाली दिसतो. अल्ब्युमिनच्या चारच्या खालच्या दर १ ग्रॅमला (प्रति डेसिलिटर) कॅल्शियमच्या आकड्यात ०.८ मिलीग्रॅम मिळवून बघा.

रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिनसारख्या गोळ्या मूठभर खाल्लेल्या रुग्णाला ३० ते ६० मिली ग्लुकोनेटपासून सुरुवात होते, आणि तेवढ्यावर भागत नाही. अतिदक्षता कक्षाकडे लगेच हलवायची तयारी करा. महामार्गावरच्या अपघातात किंवा बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात भराभर पिशव्या चढवताना त्यातलं सायट्रेट (रक्त गोठू नये म्हणून घातलेलं) कॅल्शियम खातं. आयनाइज्ड कॅल्शियम बघून, वेगळ्या शिरेतून ते भरा. लोटे-परशुरामसारख्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास काम करणाऱ्यांनी हायड्रोफ्लुओरिक आम्लाचं भाजणं ओळखायला शिकावं. जखम लहान आणि वेदना बेसुमार असतात, आणि रक्तातलं कॅल्शियम झपाट्याने उतरतं. तिथे २.५ टक्के ग्लुकोनेटचं जेल लावतात.

विंचूदंशात कॅल्शियम हा इलाज नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनने जे उभं केलं, ते आपल्याच मातीतलं काम आहे, ते वापरा. आणि हृदय थांबलेल्या प्रत्येकाला कॅल्शियम ढकलायची जुनी पद्धत सोडा. डेन्मार्कमधल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही, उलट कल नुकसानाकडे गेला. पोटॅशियम वाढल्याने, कॅल्शियम उतरल्याने किंवा अॅम्लोडिपिनच्या जातीच्या विषाने हृदय थांबलं असेल तरच द्या, आणि तेव्हा पातळ न करता झटकन.

पुढे पाठवायच्या चिठ्ठीवर ‘कॅल्शियम दिलं’ एवढं लिहू नका. कोणतं, किती मिली, किती वाजता सुरू आणि किती वाजता संपलं, कोणत्या हातात, आधीचा आणि नंतरचा इसीजी जोडलेला, इन्सुलिनची वेळ, शेवटची साखर. घाटापलीकडे रुग्ण उतरवून घेणाऱ्या डॉक्टरांना पुढची अँप्युल फोडायची की नाही हे त्या कागदावरून ठरवायचं असतं. इसीजीची मूळ पट्टी पाठवा आणि फोनमध्ये तिचा फोटो ठेवा. त्या कागदावरची शाई उन्हात आणि ओलीत दोन्हीकडे उडते.